गेटवर बसलेला कोड

वेबसाइटवर येणारी प्रत्येक रिक्वेस्ट मिडलवेअरच्या हातून जाते. पायथनमध्ये स्वतःचं मिडलवेअर लिहिणं सोपं आहे. पण ते काय बघतं, काय लक्षात ठेवतं आणि कुणाला अडवतं, हे ठरवणं तितकं सोपं नाही.

पायथनमध्ये वेबसाइट बनवायची तर जँगो शिकायचं, हे आता इंजिनीअरिंगपासून बीसीएपर्यंत सगळ्यांना पाठ झालंय. व्हिडिओ बघत बघत लॉगिन पेज होतं, फॉर्म होतो, अॅडमिन पॅनेल तर फुकटात मिळतं. मॉडेल, व्ह्यू, टेम्प्लेट ही त्रिमूर्ती व्हायवाला घडाघडा सांगता येते. मग समोरचे सर सेटिंग्जची फाइल उघडायला लावतात आणि एका यादीवर बोट ठेवतात. वर लिहिलेलं असतं 'मिडलवेअर' आणि खाली सात लांबलचक नावं. "हे काय आहे?" उत्तर साधारण ठरलेलं : "सर, ते आपोआप येतं."

येतं आपोआप, हे खरंच. नवा प्रोजेक्ट सुरू केला की सिक्युरिटी, सेशन, कॉमन, सीएसआरएफ, ऑथेंटिकेशन, मेसेज आणि क्लिकजॅकिंग अशी सात मिडलवेअर जँगो स्वतःच लावून देतं. पण त्या यादीत आठवी ओळ तुमची असू शकते. त्यासाठी दहा-बारा ओळींचा कोड पुरतो. मेख इथेच आहे. व्ह्यूमध्ये चूक झाली तर एखादं पान बिघडतं. मिडलवेअरमध्ये चूक झाली, तर ती साइटवर येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येते.

एक गेट, सगळ्यांसाठी

समजा, तुम्ही कॉलेजच्या गॅदरिंगच्या नोंदणीची साइट बनवलीय. कुणीतरी मोबाइलवर लिंक उघडतं, म्हणजे तुमच्या सर्व्हरकडे एक रिक्वेस्ट येते. तुमचा व्ह्यू त्या रिक्वेस्टला उत्तर देतो, तो रिस्पॉन्स. मोठ्या सोसायटीत पाहुणा थेट फ्लॅटच्या दारात उगवत नाही. आधी गेट, मग विंगचा दरवाजा, मग लिफ्ट. परत जाताना तोच रस्ता उलटा. रिक्वेस्टचंही तसंच आहे. व्ह्यू म्हणजे फ्लॅट आणि वाटेतले सगळे टप्पे म्हणजे मिडलवेअर. जँगोच्या अधिकृत माहितीत यासाठी कांद्याची उपमा दिली आहे : प्रत्येक मिडलवेअर हा एक पापुद्रा आणि व्ह्यू मधोमध.

याचा फायदा उघड आहे. साइटवर चाळीस पानं आहेत आणि प्रत्येक पान उघडायला किती वेळ लागतो ते मोजायचंय. चाळीस ठिकाणी तोच कोड चिकटवायचा की गेटवर एकदाच लिहायचा? मिडलवेअर म्हणजे ही दुसरी सोय.

पण म्हणून सगळंच गेटवर नेऊन ठेवायचं नाही. एखादी तपासणी तीनच पानांना लागत असेल, तर त्या तीन व्ह्यूंवर डेकोरेटर लावा. टेरेसच्या दाराला कुलूप हवं असेल तर आपण अख्ख्या सोसायटीचं गेट बंद करत नाही.

नाव आलं कुठून?

2003 पर्यंत पायथनच्या जगात बराच गोंधळ होता. एका सर्व्हरसाठी लिहिलेलं अॅप्लिकेशन दुसऱ्या सर्व्हरवर चालेलच असं नव्हतं. त्या वर्षी फिलिप एबी यांनी डब्ल्यूएसजीआय या नावाने एक करार मांडला : सर्व्हरने अॅप्लिकेशनशी कसं बोलायचं, याचा. पायथनच्या दप्तरी तो 'पेप 333' म्हणून नोंदला गेला. त्यातच मिडलवेअरची कल्पना स्पष्ट केलेली आहे. सर्व्हरकडून बघितलं तर हा तुकडा अॅप्लिकेशनसारखा वागतो आणि अॅप्लिकेशनकडून बघितलं तर सर्व्हरसारखा. दोघांच्या मधला, म्हणून मिडलवेअर.

जँगोचा जन्मही त्याच वर्षीचा आणि तोही एका दैनिकाच्या ऑफिसातला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या वेब टीममध्ये एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन काम करायचे. बातमीच्या वेगाने साइट्स उभ्या करायच्या, या गरजेतून त्यांनी हे साधन घडवलं. जुलै 2005 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव ठेवलं गिटारवादक जँगो राइनहार्टवरून.

जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. ऑगस्ट 2016 मध्ये आलेल्या जँगो 1.10 मध्ये मिडलवेअर लिहिण्याची पद्धत बदलली. त्याआधी जाताना आणि येताना अशी दोन वेगळी फंक्शन्स असायची. त्यात एक विचित्रपणा होता. रिक्वेस्ट बाहेरच्याच थराने परतवली, तरी तिचा रिस्पॉन्स आतल्या सगळ्या थरांच्या परतीच्या फंक्शनमधून फिरायचा. जी रिक्वेस्ट त्यांनी पाहिलेलीच नाही, तिला निरोप द्यायची वेळ त्यांच्यावर यायची. नव्या पद्धतीत ज्या थरापर्यंत रिक्वेस्ट पोहोचली, तिथूनच ती मागे फिरते. जुनी पद्धत जँगो 2.0 पासून पूर्ण बंद झाली. त्यामुळे एखाद्या ट्युटोरियलमध्ये सेटिंगचं नाव 'मिडलवेअर क्लासेस' असं दिसलं, तर समजा की माल जुना आहे.

दहा ओळींत काय असतं?

नव्या पद्धतीत एक साधा क्लास पुरतो. त्यात दोन मेथड्स : 'इनिट' आणि 'कॉल'. सर्व्हर सुरू होताना जँगो 'इनिट'च्या हातात 'गेट रिस्पॉन्स' नावाची वस्तू ठेवतं. पुढच्या थराकडे जायचा दरवाजा म्हणजे ही वस्तू. मग प्रत्येक रिक्वेस्टला 'कॉल' चालतं. त्यात 'गेट रिस्पॉन्स'च्या आधी जे लिहाल ते आत जाताना घडतं, नंतर जे लिहाल ते बाहेर येताना. शेवटी रिस्पॉन्स रिटर्न करायचा. तेवढी एक ओळ राहिली, तर बाहेरच्या थरांच्या हाती काहीच लागत नाही आणि साइटचं पानन्‌पान कोसळतं.

क्लास तयार झाला की त्याचा पत्ता सेटिंग्जच्या यादीत टाकायचा. कुठे टाकायचा, हे महत्त्वाचं. यादी वरून खाली वाचली जाते, परतीचा प्रवास खालून वर. रिक्वेस्टवर 'यूजर' चिकटवण्याचं काम ऑथेंटिकेशन मिडलवेअर करतं आणि त्यासाठी त्याला आधी सेशन लागतं. तुमच्या मिडलवेअरला कोण लॉगिन आहे हे हवं असेल आणि तुम्ही त्याला सगळ्यात वर बसवलंत, तर त्याला तिथे यूजर सापडणारच नाही. कोड अगदी बरोबर, पण जागा चुकली. अशी एरर शोधताना लोक रात्र रात्र क्लासच्या ओळी तपासत बसतात आणि यादीकडे बघतच नाहीत.

पहिली ताकद : बघणं

शिकायला सगळ्यात चांगलं पहिलं मिडलवेअर म्हणजे वेळ मोजणारं. आत जाताना घड्याळ बघायचं, बाहेर येताना पुन्हा बघायचं, फरक लॉगमध्ये लिहायचा. यासाठी पायथनचं साधं 'टाइम' न वापरता 'परफ काउंटर' वापरा. कॉम्प्युटरचं नेहमीचं घड्याळ मध्येच दुरुस्त होऊन पुढे-मागे सरकू शकतं. परफ काउंटर मागे जात नाही.

पण हा आकडा काय सांगतो आणि काय नाही, हेही समजून घ्या. तुमच्या थराच्या आत जे घडलं, तेवढाच वेळ इथे मोजला जातो. बाहेर रांगेत रिक्वेस्ट किती थांबली, मोबाइलच्या नेटवर्कने किती वेळ खाल्ला, हे त्यात येत नाही. लॉगमध्ये 'पान झटकन तयार झालं' असं दिसतं आणि मित्र फोन करून ओरडत असतो की साइट उघडत नाहीये. दोघंही खरं बोलत असतात!

आणि बघण्याचीही किंमत असते. मिडलवेअरमध्ये डेटाबेसला एक छोटासा प्रश्न विचारला, तर तो प्रत्येक रिक्वेस्टला विचारला जातो. त्याला 20 मिलिसेकंद लागत असतील, तर हजार रिक्वेस्ट्समागे डेटाबेसचे 20 सेकंद नुसते त्यातच गेले. नोंदणीच्या शेवटच्या रात्री हे जाणवतं.

दुसरी ताकद : लक्षात ठेवणं

सोसायटीच्या गेटवरचं ते जाडजूड रजिस्टर आठवा. नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर, सही. तुम्ही लिहायला वाकता तेव्हा तुमच्या आधी आलेल्या वीस जणांचे नंबर तुम्हाला दिसतात आणि तुमचा नंबर नंतर येणाऱ्यांना. सुरक्षेसाठी ठेवलेली वहीच सगळ्यांची माहिती उघडी करते.

लॉग लिहिणारं मिडलवेअर हेच करू शकतं. 'काही बिघडलं तर उपयोगी पडेल' म्हणून आलेली रिक्वेस्ट जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवायची, हा मोह सगळ्यांनाच होतो. आता लॉगिन पेजचा विचार करा. जँगो पासवर्ड जसाच्या तसा डेटाबेसमध्ये ठेवत नाही, हॅश करून ठेवतं. पण फॉर्ममधून पासवर्ड येतो तो साध्या अक्षरांत आणि मिडलवेअर उभं असतं व्ह्यूच्या आधी. ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह इथे कामाला येत नाही, कारण एचटीटीपीएसचं काम वाटेपुरतं असतं. सर्व्हरवर पोहोचल्यावर मजकूर उघडाच असतो. म्हणजे एका ओळीच्या लॉगिंगमुळे वर्गातल्या सगळ्यांचे पासवर्ड तुमच्या फाइलमध्ये. त्यातल्या कितीतरी जणांचा तोच पासवर्ड ईमेललाही असणार.

ही भीती काल्पनिक नाही. मे 2018 मध्ये ट्विटरने आपल्या सगळ्या, म्हणजे सुमारे 33 कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता. हॅश व्हायच्या आधीच पासवर्ड कंपनीच्या आतल्या लॉगमध्ये लिहिले जात होते. गैरवापर झाल्याचं दिसलं नाही, असं कंपनीने सांगितलं. पण इतक्या मोठ्या टीमच्या नजरेतून जे सुटलं, ते चार मित्रांच्या प्रोजेक्टमध्ये सहज सुटेल.

नुसता पत्ता, म्हणजे यूआरएल, लिहिणंही दरवेळी निर्धोक नसतं. पासवर्ड विसरल्यावर ईमेलवर जी लिंक येते, तिच्या पत्त्यातच गुप्त टोकन असतं. जँगोमध्ये ते न वापरल्यास ठरावीक सेटिंगनुसार तीन दिवस चालतं. तो पत्ता लॉगमध्ये गेला आणि लॉग कुणाच्या हाती लागला, तर चावीच दिल्यासारखं. म्हणून काय गाळायचं याची यादी न करता काय लिहायचं याची यादी करा : कोणत्या व्ह्यूला रिक्वेस्ट गेली, स्टेटस कोड, लागलेला वेळ आणि रिक्वेस्टला दिलेला एक टोकन नंबर. बस. नोकरीला लागल्यावर हा नुसता चांगुलपणाही राहत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी भारतात 2023 मध्ये कायदा झालाय आणि माहिती नीट न सांभाळल्यास त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

लक्षात ठेवण्याची आणखी एक गोची आहे. 'इनिट' एकदाच चालतं, हे वर आलंच. म्हणजे मिडलवेअरची वस्तू एकच आणि तिच्यापाशी येणारी माणसं अनेक. आलेल्या माणसाचं नाव तुम्ही 'सेल्फ'मध्ये साठवलंत, तर पुढच्याला मागच्याचं नाव मिळू शकतं. जँगोच्या 0.95 या जुन्या आवृत्तीत खुद्द ऑथेंटिकेशन मिडलवेअरमध्ये जवळजवळ असाच दोष निघाला होता. लॉगिन केलेल्या यूजरची आठवण एका रिक्वेस्टमधून दुसऱ्या रिक्वेस्टमध्ये सांडत होती आणि एकाला दुसऱ्याचे अधिकार मिळू शकत होते. 2007 मध्ये तो दुरुस्त झाला. यातून घ्यायचा नियम साधा आहे : रिक्वेस्टची माहिती रिक्वेस्टवरच ठेवायची, सेल्फवर नाही. लॅपटॉपवर एकटे टेस्ट करताना ही चूक कधीच दिसत नाही. ती दिसायला एका वेळी दोन माणसं लागतात.

तिसरी ताकद : अडवणं

मिडलवेअर 'गेट रिस्पॉन्स'ला न बोलावताच उत्तर देऊ शकतं. मग आतल्या थरांना आणि व्ह्यूला कळतही नाही की कुणी आलं होतं. साइटची दुरुस्ती चालू असताना सगळ्यांना 'थोड्या वेळाने या' म्हणणारं पान दाखवायचंय? मिडलवेअरमधून 503 हा कोड द्या, सोबत किती वेळाने यायचं तेही कळवा.

पण दुसऱ्याला अडवताना जरा जपून. 'एका पत्त्यावरून मिनिटाला दहाच रिक्वेस्ट' असा नियम ऐकायला छान वाटतो. हॉस्टेलच्या वाय-फायवर मात्र अख्ख्या हॉस्टेलचा बाहेरून दिसणारा आयपी पत्ता बहुतेक वेळा एकच असतो. मोबाइल नेटवर्कवरही एका पत्त्याआड पुष्कळ लोक असतात. फॉर्म भरायच्या शेवटच्या रात्री तुमचा नियम एका उनाड मुलाला अडवायला जाईल आणि त्याच्यासोबत दोनशे मुली-मुलांचा फॉर्म अडेल. त्यांना पडद्यावर दिसेल फक्त 'खूप रिक्वेस्ट्स'. चूक कुणाची हे त्यांना कळणार नाही आणि दुसऱ्या दिवशी कुणी ऐकून घेणारही नाही. म्हणून शक्य तिथे मोजणी लॉगिन केलेल्या खात्यावर करा. ती मोजणी मिडलवेअरच्या आत ठेवलीत, तर सर्व्हरच्या चार प्रोसेस चार वेगळ्या वह्या ठेवतील आणि दहाची मर्यादा चाळीसवर जाईल. त्यासाठी रेडिससारखी सगळ्यांना सामायिक जागा लागते.

आणि फक्त गेटवर भिस्त ठेवू नका. मार्च 2025 मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात नेक्स्ट जेएस या लोकप्रिय फ्रेमवर्कमधला एक दोष जाहीर झाला. रिक्वेस्टसोबत एक ठरावीक हेडर जोडला की मिडलवेअर चालायचंच नाही, रिक्वेस्ट सरळ आत. ज्यांनी लॉगिनची तपासणी फक्त मिडलवेअरमध्ये ठेवली होती, त्यांची दारं सताड उघडी. पायथनवाल्यांनीही धडा घ्यावा : गेटवर वॉचमन असला तरी फ्लॅटला लॅच हवाच. माहिती देण्याआधी व्ह्यूनेही विचारावं, हा माणूस ही माहिती बघू शकतो का? 'सगळी साइट लॉगिनशिवाय बंद' एवढंच हवं असेल, तर स्वतः लिहायचीही गरज नाही. ऑगस्ट 2024 च्या जँगो 5.1 पासून त्यासाठी तयार मिडलवेअर आहे.

फ्लास्क, फास्टएपीआयवाल्यांचं काय?

तत्त्व तेच, मांडणी वेगळी. फ्लास्कमध्ये रिक्वेस्टच्या आधी आणि नंतर चालणारी फंक्शन्स डेकोरेटरने जोडता येतात. फास्टएपीआयमध्ये मिडलवेअर आहे, पण क्रम नीट बघा. तिथे जे सगळ्यात शेवटी जोडाल ते सगळ्यात बाहेर बसतं. जँगोच्या यादीत वरचं नाव बाहेरचं असतं. एकातून दुसऱ्यात उडी मारणारे हमखास इथे अडखळतात.

कोड मिळेल, निर्णय मिळणार नाही

आज एआयला दोन वाक्यांत सांगितलं तर मिडलवेअर चुटकीसरशी लिहून मिळतं आणि बहुतेकदा ते चालतंही. पण तुमचं हॉस्टेल एका आयपीवर आहे, हे त्याला कुणी सांगितलं? लॉगची फाइल ग्रुपवर शेअर होते, हे त्याला कुठून कळणार? हे तुम्हालाच माहीत असतं. म्हणून हातात आलेल्या त्या दहा ओळी वाचताना व्ह्यूपेक्षा दुप्पट वेळ द्या. पुढच्या व्हायवाला "आपोआप येतं" याऐवजी "ही आठवी ओळ माझी आहे आणि ती इथेच का आहे ते सांगतो" असं म्हणता आलं, तर प्रोजेक्ट खऱ्या अर्थाने तुमचा झाला.

चौकट : यादीत नाव टाकण्याआधी

● हे काम खरंच प्रत्येक पानाला लागतं का? नसेल तर डेकोरेटर वापरा.
● याला यूजर किंवा सेशन लागतं का? मग ते त्या मिडलवेअरच्या खालीच हवं.
● लॉगची फाइल उघडून स्वतः वाचा. ती नोटीस बोर्डवर लावली तर कुणाला त्रास होईल का? होणार असेल तर त्या ओळी काढा.
● 'सेल्फ'मध्ये कुणा एकाची माहिती साठत नाहीये ना? दोन ब्राउझर, दोन लॉगिन, एकाच वेळी करून बघा.
● टेस्ट लिहिताना जँगोचा 'टेस्ट क्लायंट' वापरा. 'रिक्वेस्ट फॅक्टरी'ने बनवलेली रिक्वेस्ट मिडलवेअरमधून जात नाही, त्यामुळे टेस्ट पास होईल आणि गेट तपासलंच जाणार नाही.